खोटं कुणाच्या नावे?



दत्तजयंतीच्या या अंकात मी गेली सहा-सात वर्षं काही ना काही लिहीत आलो आहे. बहुतेक वेळा वाडीच्या वारीच्या आठवणी, एकदा गिरनारच्या पायऱ्यांबद्दल, एकदा गाणगापूरच्या माधुकरीबद्दल. मंदिरात भेटल्यावर आपण सगळे ‘छान लिहिलंय हो’ म्हणता, बरं वाटतं. यंदा मात्र घरातली एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगताना माझी मान थोडी खालीच राहणार आहे. पण ज्यांच्या शेजारी इतकी वर्षं आरतीला उभा राहिलो, त्यांच्यापासून काय लपवायचं?

मी बँकेत ३६ वर्षं क्लार्क होतो. त्यातली बरीच वर्षं सह्या पडताळण्यात गेली. आता सगळं काँप्युटरच्या पडद्यावर दिसतं, पण तेव्हा नमुना सहीची कार्डं असत. खातेदाराने पैसे काढायची स्लिप दिली की त्याचं कार्ड काढायचं, शेजारी धरायचं, आणि बघायचं. पहिलं अक्षर, शेवटचा झोका, खालची रेघ. वयस्कर शेतकऱ्याचा हात थरथरतो, त्याची सही दर वेळी वेगळी येते, पण तिची चाल तीच असते. दुसऱ्याची सही करणारा माणूस मात्र दाबून लिहितो. कागद उलटा करून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. ही विद्या पुस्तकात नाही, काउंटरवर बसून येते. माझ्या हातून एकही खोटी सही पास झाली नाही याचा मला अभिमान होता, आणि तो मी घरात पुष्कळदा बोलूनही दाखवत असे.

गोष्ट गेल्या श्रावणातली. आमचा नातू तेव्हा तिसरीत, वय आठ. चिरंजीव कुपवाड एमआयडीसीत कामाला, सूनबाई एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. दोघं सकाळी नऊला बाहेर पडतात ते संध्याकाळी साडेसातला घरी. त्यामुळे नातवाचा अभ्यास माझ्याकडे. कुणी सोपवला नव्हता, मीच हक्काने घेतला होता. म्हटलं, आयुष्यभर आकडेमोड केली, तिसरीचं गणित काय अवघड? रोज चार ते सहा. पाढे, शुद्धलेखन आणि हातच्याची वजाबाकी. माझ्या हातात पट्टी नसे, पण आवाज असे. आणि एक सवय अशी, की पोरगं गणित करत असतानाच मी वरून बघत राहायचो. आकडा चुकला की पुरा व्हायच्या आत ‘अंहं’ म्हणायचो.

एका शनिवारी त्याच्या दप्तरात खोडरबर शोधताना चाचणीची वही हाताला लागली. दोनच दिवसांपूर्वी मी विचारलं होतं, गणिताचा पेपर मिळाला का? तो म्हणाला होता, अजून नाही. वहीत पेपर चिकटवलेला होता. २० पैकी ८. खाली बाईंनी लिहिलं होतं, पालकांची सही आणणे. आणि त्याखाली माझी सही होती.

म्हणजे माझ्यासारखी. आडनावाचा झोका हुबेहूब. माझ्या सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं असतात. तिथे तीन होती. मी सवयीने पान उलटं करून बोट फिरवलं. उंचवटा लागला.

त्याला हाक मारली. वही दाखवली. तो काही बोलला नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “पण आजोबा, तुम्ही पण...” आणि थांबला. तेवढ्यात माझा हात उठला होता. आठ वर्षांच्या पोराच्या गालावर माझी चार बोटं उमटली. आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्याला आत नेलं आणि जाता जाता एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही त्याला शिकवता की तपासता?”

रात्री सूनबाईंनी गाल पाहिला. काही बोलल्या नाहीत. पानं वाढली, आमटी वाढली, मीठ वाढलं, सगळं रोजच्यासारखं, फक्त कुणाच्या तोंडून शब्द नाही. एकत्र राहणाऱ्या घरात असा अबोला किती जड असतो ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भांडण परवडतं.

झोप लागेना म्हणून ती वही घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. दहा गणितं, प्रत्येकी दोन गुण. चार बरोबर, ती बिनहातच्याची. सहा चूक. ५२ वजा २७, याने लिहिलं १५. ८१ वजा ४६, याने लिहिलं २५. ६३ वजा ३८, पुन्हा १५. कॅश जुळेनाशी झाली की आम्ही आधी फरक किती ते बघतो, कारण फरकच चूक कुठे आहे ते सांगतो. इथे सहाच्या सहा उत्तरांत फरक दहाचा. सगळी बरोबर दहाने कमी. पोरगं धांदरट असतं तर फरक वेगवेगळे आले असते. याचा अर्थ तो काहीतरी नेमाने करत होता.

पाच मिनिटांत उलगडा झाला. आपल्याला शाळेत शिकवलं ते असं, की बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या दोनात मिळवायचा, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. आता शाळेत शिकवतात ते वेगळं. वरच्या पाचातला एक दशक सुटा करायचा, पाचाचे चार करायचे, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच. दोन्ही रीती बरोबर. पण पोराने बाईंचं ऐकून वरचे पाच कापून चार केले आणि माझं ऐकून खालच्या दोनाचे तीन केले. दोघांचाही मान राखला बिचाऱ्याने. आणि दहा कमी आले. मला दाखवताना चुकत नसे, कारण मी वरून ‘अंहं’ म्हणत होतो.

त्या सहा चुका त्याच्या नव्हत्याच. माझ्या होत्या.

मग ते ‘तुम्ही पण’ आठवलं. दप्तर पुन्हा उघडलं आणि वाचनाची डायरी काढली. शाळेचा नियम आहे, मुलाने रोज वीस मिनिटं अवांतर वाचन करायचं आणि घरच्या मोठ्या माणसाने तारखेसमोर सही करायची. जुलै महिन्यात आमच्याकडे पाहुणे, मग माझा गुडघा, मग त्याचा ताप, असं करत दोन आठवडे वाचन झालंच नव्हतं. सोमवारी डायरी द्यायची होती. रविवारी संध्याकाळी चहा पिता पिता मी बसल्या बैठकीला चौदा सह्या ठोकल्या होत्या. एकदा निळं पेन, एकदा काळं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात. पोरगं शेजारी उभं होतं. त्याने विचारलंही होतं, “आजोबा, आपण तर वाचलंच नाही.” मी म्हणालो होतो, “चालतं रे, एवढं काय त्यात.”

बँकेत मागची तारीख टाकून एखादी नोंद केली असती तर मला चार्जशीट मिळालं असतं. ३६ वर्षांत तसं कधी केलं नाही. कुणी हजार रुपये दिले असते तरी केलं नसतं. घरात मात्र चहाच्या एका कपात चौदा खोट्या नोंदी केल्या, त्याही पेन बदलून, आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. ज्याच्यासमोर केल्या त्याने त्यातून एवढाच बोध घेतला, की सही म्हणजे रिकामी जागा भरायची वस्तू.

तेवढ्यात चिरंजीव पाणी प्यायला उठला. मला दिवा लावून बसलेलं बघून समोर बसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाबा, एक सांगू? मागे माझी नोकरी गेली होती. दोन महिने. तुम्हाला नवी लागल्यावर सांगितलं, बदलली म्हणून. ते दोन महिने मी रोज डबा घेऊन निघायचो.”

मी विचारलं, कुठे जायचास?

“कधी मिरज स्टेशन. कधी वाडीला घाटावर. एकदा तुम्ही दर्शनाला आला होता, पौर्णिमा होती. मी मागे सरकून उभा राहिलो, तुम्ही जाईपर्यंत.”

अडतीस वर्षांचा मुलगा. महाराजांच्या दारात बापापासून लपला. मी त्याच घाटावर पेढ्यांचा पुडा हातात घेऊन घरी जायच्या एसटीची वेळ बघत उभा असणार. घरात हिला आणि सूनबाईंना ठाऊक होतं, मला फक्त नव्हतं. तो उठून गेल्यावर आठवलं, तोही लहानपणी प्रगतिपुस्तक माळ्यावर लपवायचा. तेव्हाही मी हेच केलं होतं, याच हाताने.

हे सांगण्याचं कारण म्हणजे त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि तो आपल्यापुढे ठेवायचा आहे. लहान मूल खोटं बोललं, तर ते खोटं कुणाच्या नावे टाकायचं? ‘नावे’ हा शब्द मी आमच्या पेशातल्या अर्थाने वापरतो आहे. जमा आणि नावे. ज्याच्या नावे पडलं तो देणेकरी.

हा विषय मी आपल्या मंदिराच्या कट्ट्यावर एकदा नाव न घेता काढून पाहिला होता. लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, खोटं ते खोटं, वेळीच ठोकलं नाही तर पोरगं हाताबाहेर जाणार, आपण मार खाऊनच माणसात आलो. दुसरी बाजू म्हणाली, मूल निष्पाप, जे काही आहे ते मोठ्यांकडून आलेलं. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याबद्दल माझा अनुभव असा, की मार खाऊन मी खरं बोलायला शिकलो नाही, वडील घरात कधी असतात याचा अंदाज घ्यायला शिकलो. आणि दुसरं बोलायला गोड आहे, पण सगळंच मोठ्यांच्या नावे टाकलं तर त्या मुलाला स्वतःचं असं काही उरतच नाही. सही त्याने केली होती, त्याच्या हाताने, मला फसवायला. तिसरं टिंब त्याचं स्वतःचं होतं.

आपल्या पुराणात हा हिशोब एकदा थेट धर्मराजाच्या दरबारात निघाला आहे. गोष्ट आपल्याला माहीत असेल. मांडव्य ऋषी आश्रमात मौन धरून तप करत होते. पाठलाग चुकवणाऱ्या चोरांनी मुद्देमाल त्यांच्या आश्रमात दडवला. शिपायांनी विचारलं तरी ऋषी बोलले नाहीत, आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. तपाच्या बळावर ते मेले नाहीत. पुढे राजाने क्षमा मागून त्यांना उतरवलं, पण सुळाचं टोक अंगात तसंच राहिलं. ते धर्मराजाकडे गेले आणि विचारलं, मी असं कोणतं पाप केलं होतं? उत्तर मिळालं, लहानपणी तू उडत्या किड्यांना काडी टोचली होतीस. तेव्हा मांडव्य संतापले. अजाण वयातल्या एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? त्यांनी त्याच जागी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कर्माचं पातक लागणार नाही. आणि धर्मराजाला शाप दिला, तू दासीच्या पोटी जन्म घेशील. तोच विदुर.

या गोष्टीत मला एक दिसतं. मांडव्यांनी किड्याला दुखलं नाही असं म्हटलेलं नाही. काडी आपण टोचली नाही, असंही नाही म्हटलं. नोंद मान्य आहे. फक्त ती वसूल कशी केली, याबद्दल तक्रार आहे. आणि नावे कुणाच्या पडली बघा, हिशोब ठेवणाऱ्याच्याच. चित्रगुप्त आमच्याच पेशातला, त्याच्या साहेबावर ही पाळी आली हे वाचताना कारकुनाला गंमत वाटायची. आता वाटत नाही.

या मांडव्यांचा आणि आपल्या दत्तजयंतीचा संबंधही आहे. आपण कीर्तनात ऐकतो ती कथा तिन्ही देव अनसूयामातेकडे अतिथी म्हणून आले ती. मार्कंडेय पुराणातली कथा निराळी आहे. तिथे सुळावरच्या मांडव्यांना अंधारात एका रोगी ब्राह्मणाचा पाय लागतो. त्याची पतिव्रता पत्नी त्याला खांद्यावरून नेत असते. वेदनेच्या भरात ऋषी शाप देतात, धक्का देणारा सूर्योदयाला मरेल. ती बाई म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. आणि उगवत नाही. सगळा व्यवहार थांबल्यावर देव अनसूयेकडे जातात, ती त्या बाईची समजूत काढते, सूर्य उगवतो, मेलेला पतीही उठतो, आणि त्याबद्दल मिळालेल्या वरातून तिच्या पोटी सोम, दत्त आणि दुर्वास येतात. म्हणजे लहानपणच्या एका काडीपासून सुरू झालेली शिक्षा पुढे किती जणांपर्यंत पोचली! बसला मार एकाला, शाप लागला तिसऱ्याला. घराघरात असंच चालतं, मला वाटतं. साहेब ओरडले की आम्ही घरी येऊन ओरडायचो.

कायद्यानेही ही रेघ ओढलीच आहे. १८६० च्या दंडसंहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नव्हतं, आणि सात ते बारा या वयात त्याला आपण काय करतो याची समज होती का ते बघायचं, असं होतं. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते तसंच ठेवलं आहे. पण मला खरा प्रकाश पडला तो आमच्या बँकेच्या नियमात. अज्ञानाचं खातं! सज्ञान नसलेल्या मुलाला कायदा ‘अज्ञान’ म्हणतो. सातबाऱ्यावर आपण बघतो ना, अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता. अशी खाती मी शेकड्यांनी उघडली असतील. खातं मुलाच्या नावाचं असतं. त्यातला रुपया न् रुपया मुलाचा. सही मात्र पालकाची. आणि एक नियम कडक: अज्ञानाच्या खात्यात ओव्हरड्राफ्ट देता येत नाही. शिल्लक कायम जमेचीच राहिली पाहिजे. कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाशी करार होऊच शकत नाही, त्याच्यावर कर्ज चढवताच येत नाही.

पुढे २०१४ साली रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतःच्या सहीने चालवू द्यायला हरकत नाही. तेव्हा काउंटरवर आम्ही जरा कुरकुरलो होतो. पण पहिल्यांदा पोरं यायची, जीभ बाहेर काढून, चौकोनाच्या आत अगदी जपून सही करायची. एका मुलीने तर विचारलं होतं, “काका, आता ही बदलता येणार नाही ना?”

मुलाच्या खरेपणाचं खातं मला असंच वाटतं. ते त्याचंच आहे, पहिल्या दिवसापासून त्याच्या नावाचं. पण बरीच वर्षं चालवतो आपण. आणि आपण त्यातून काढतच राहतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचेल.’ ‘पोलीस नेईल.’ ‘आईला सांगू नकोस हं, आपण भजी खाल्ली.’ ‘उद्या नक्की नेतो बागेत.’ ही काढलेली रक्कम आपल्याला आठवतसुद्धा नाही, कारण मुलांची गोष्ट म्हणजे खरी गोष्ट नव्हेच, असं आपण मनात धरून चाललेलो असतो. बँकेची तारीख खरी, वाचनाच्या डायरीची तारीख काय, खेळातली. इथेच माझी चूक झाली. आणि शिल्लक संपल्यावर पोराने एक सही केली, तेव्हा ती सगळी रक्कम मी त्याच्या गालावर वसूल केली. अज्ञानाच्या खात्यात ओव्हरड्राफ्ट दाखवला, दुसरं काय.

मग तिसरं टिंब? ते त्याच्या नावे आहेच. पण नोंद म्हणून, कर्ज म्हणून नव्हे. त्याने ते बघावं, हे मी केलं असं म्हणावं, आणि त्यापायी त्याला पळावं लागू नये. दहाव्या वर्षी स्वतःची सही करायची तर आठव्या वर्षी त्याचा सराव लागतो. घाबरलेला हात नेहमी दाबूनच लिहिणार.

चिरंजीवाच्या त्या दोन महिन्यांचं काय, ते मात्र मला अजून सुटलेलं नाही. तो आठ वर्षांचा नव्हता. मांडव्यांची चौदा वर्षं कधीच उलटून गेली होती. त्याचं खोटं त्याचंच म्हणावं, तर सुरुवात माझ्याकडे जाते. माझं म्हणावं, तर शिकलेल्या, बायकापोरं असलेल्या माणसाला मी पुन्हा अज्ञान ठरवतो. जॉइंट खातं म्हणून सध्या ठेवलं आहे. दोघांच्या सह्यांशिवाय ते बंद होणार नाही, आणि आम्ही दोघंही त्या विषयावर अजून नीट बसलेलो नाही. रविवारी बसू, असं दोघांच्याही मनात असतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात नेहमीप्रमाणे गुरुचरित्राचा सप्ताह केला. पहिल्याच दिवशी आठवा अध्याय येतो. आईला एकच मुलगा, तोही मंदबुद्धी. बाप त्याला विद्या यावी म्हणून मारतो, आई मारू नका म्हणून विनवते. पुढे बाप जातो, लोक पोराला हिणवतात, आणि मायलेक कृष्णेत जीव द्यायला निघतात. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ भेटतात, मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात. वीस वर्षं मी हा अध्याय वाचतो आहे. शनिप्रदोषाचं माहात्म्य म्हणून वाचत होतो. त्या मारणाऱ्या बापापाशी कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी थांबलो, ही विचारायला आली की तब्येत बरी आहे ना. तो बाप दुष्ट नव्हता. त्यालाही पोराचं भलंच हवं होतं. आपल्याला सिद्धी नाही, हात ठेवून कुणाला वेदविद्या येणार नाही. पण हात उचलून येत नाही, एवढं तर त्या बापाने दाखवून ठेवलं आहे.

मारल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी नातवाला घेऊन बसलो होतो. आधी गणितं. त्याला सांगितलं, तुझी सहा गणितं माझ्यामुळे चुकली, आपण दोन रीती एकात मिसळल्या. आता बाईंचीच रीत, माझी बंद. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मोठ्या माणसाचंही चुकतं ही बातमी त्याला नवीन असावी. मग डायरी काढली आणि म्हटलं, या चौदा सह्या खोट्या आहेत, मी केल्या, मी बाईंना लिहून देणार. तो एकदम म्हणाला, “नको आजोबा, बाई ओरडतील तुम्हाला.” मारलेला गाल अजून लालसर होता आणि त्याला काळजी माझी. मी म्हटलं, ओरडू देत. मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि स्वतःच म्हणाला, “मग माझं पण लिहा. ती सही मी केली ते.”

चिठ्ठी लिहिली. आयुष्यात बँकेच्या साहेबांना इतकी खुलासापत्रं लिहिली, पण असा घाम कधी आला नव्हता. सोमवारी डायरी परत आली. खाली लाल पेनाने दोन शब्द होते, ‘पाहिले. ठीक.’ बाईंच्या वर्गात पंचेचाळीस मुलं, त्यांना काय वेळ असणार!

त्यानंतर वाचन सुरळीत सुरू झालं असं मात्र समजू नका. आठवड्यात दोन-तीन दिवस सुटतातच. कधी त्याला मोबाइल हवा असतो, कधी मलाच बातम्या बघायच्या असतात. माझा आवाजही अजून चढतो, ही आतून भांडं आपटते, मग उतरतो. सुटलेल्या दिवसापुढे आम्ही सही करत नाही, आडवी रेघ मारतो. रिकाम्या रकान्यात रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी काही भरत नाही, ही बँकेची पद्धत मी त्याला दाखवली. आणि रेघ मारणाऱ्याने शेजारी छोटी सही करायची असते, तेही सांगितलं होतं.

परवा संध्याकाळी आपल्या मंदिरात जयंतीच्या पाळण्याला लावायच्या दोऱ्या बघून आम्ही घरी आलो. पाय दुखत होते, डायरी उघडायचा कंटाळा आला होता. तो ती घेऊन आला. “आजोबा, काल आपण वाचलं नाही. इथे सही करू नका हं.” पट्टी लावून त्याने स्वतःच रेघ मारली. मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाला, “रेघ मी मारली ना, मग मी करणार.” आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, खाली एक बारकी रेघ ओढली, तिच्याखाली टिंब दिलं. एकच.

“दोन तुमची आहेत,” तो म्हणाला.

मी पान उलटं केलं नाही.